पेढीवरचा संगणक वारंवार आपोआप रिस्टार्ट होतो तेव्हा

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांच्या बाजारपेठांत आज किराणा, कापड, भांडी, सराफी, बी-बियाणे किंवा बांधकाम साहित्य यांपैकी कोणत्याही दुकानात गेले, तरी गल्ल्याशेजारी एक डेस्कटॉप संगणक दिसतोच. लाल कापडी बांधणीचा रोजमेळ आणि खतावणी अजूनही लक्ष्मीपूजनाला पाटावर येतात, त्यांवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. परंतु वर्षभराचा खरा हिशेब त्या काळ्या पेटीत असतो. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये महाराष्ट्रातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले, आणि पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. तेव्हापासून आपल्या भागातील लहान व्यापाऱ्यालाही संगणक टाळता येईनासा झाला आहे.

हाच संगणक ऐन गर्दीत, समोर गिऱ्हाईक उभे असताना, कोणतीही सूचना न देता काळा पडतो आणि स्वतःहून पुन्हा सुरू होतो. दोन मिनिटांत काम पूर्ववत होते, म्हणून घरातले कोणी ते मनावर घेत नाही. आठवड्यातून एकदा घडणारी ही गोष्ट पुढे रोज घडू लागते. मग एके दिवशी, नेमके मासिक विवरणपत्राच्या ११ किंवा २० तारखेच्या आदल्या रात्री, हिशेबाची फाइल उघडतच नाही. संगणक बंद पडला त्या क्षणी डिस्कवर लिहिली जात असलेली नोंद अर्धवट राहिलेली असते आणि तिच्यापायी मागचे सारे अडलेले असते.

यात केवळ गैरसोय नाही. खरिपाच्या तोंडावर किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे या बाजूच्या शेतकऱ्यांना बियाणे आणि खते उधार दिलेली असतात. ती रक्कम भाताच्या सुगीनंतर यायची असते. कोणी किती नेले आणि कोणी किती आणून दिले याचा पुरावा त्या फाइलीतच असतो. जमेची एक नोंद हरवली आणि ज्याने पैसे चुकते केले त्याच्याकडेच पुन्हा मागणी गेली, तर दुकानाच्या पतीला जो धक्का बसतो तो कोणत्याही दंडापेक्षा मोठा असतो. कायद्याची बाजू वेगळीच. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबपुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि संगणक बिघडला म्हणून ही जबाबदारी टळत नाही.

अशा वेळी गावातला दुरुस्ती करणारा मुलगा येतो आणि बहुधा पहिलेच वाक्य बोलतो, “शेठ, फॉरमॅट मारून देतो.” या उपायाची ख्याती फार जुनी आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा व्हायरस जगभर पसरला होता. विंडोज एक्सपी आणि विंडोज २००० असलेल्या संगणकांवर तो साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवी आणि संगणक रिस्टार्ट करी. त्या काळी फॉरमॅट केल्याने अनेकांचा प्रश्न तात्पुरता तरी सुटला असेल. आजही एखादा सदोष प्रोग्रॅम असा गोंधळ घालू शकतो; १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या एका चुकलेल्या अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले आणि त्यांतील कित्येक पुन्हापुन्हा रिस्टार्ट होत राहिले. परंतु आपल्या भागातील दुकानात एकट्यादुकट्या संगणकाला हा आजार जडतो, तेव्हा मूळ बहुतेक वेळा विजेत, उष्णतेत किंवा धुळीत असते. तेथे फॉरमॅट म्हणजे ताप आलेल्याचे कपडे बदलणे. शिवाय बिघाड केव्हा आणि कसा झाला याची संगणकाने स्वतः ठेवलेली नोंद त्यात पुसली जाते, आणि घाई झाली तर हिशेबही.

म्हणून पहिले काम बॅकअपचे. टॅली असो वा दुसरा कोणताही प्रोग्रॅम, त्याच्या बॅकअपच्या सोयीने डेटा एका पेनड्राइव्हवर घ्यावा, दुसरी प्रत घरी किंवा ईमेल-क्लाउडवर ठेवावी आणि दुसऱ्या एखाद्या संगणकावर ती उघडून पाहावी. न उघडलेला बॅकअप हा न मोजलेल्या नोटांच्या बंडलासारखा असतो. डेटा दुरुस्त करण्याची सोय टॅलीत आहे, पण मूळ फाइलींची प्रत बाजूला काढल्याशिवाय तिला हात लावू नये.

दुसरे काम व्यापाऱ्याच्या रक्तातले आहे. संगणकाशेजारी एक साधी वही ठेवावी आणि प्रत्येक वेळी तीन गोष्टी टिपाव्यात: नेमकी वेळ, त्या क्षणी संगणकावर व दुकानात काय चालू होते, आणि पडदा कसा गेला. एकदम काळा झाला, की निळ्या पडद्यावर काही अक्षरे चमकून गेली, की ‘रिस्टार्टिंग’ असे लिहून शिस्तीत बंद झाला? गल्ल्यावर दिवसभरात तीन माणसे बसत असतील तर तिघांनीही लिहावे. एका आठवड्याची ही वही हाती असेल, तर तंत्रज्ञाचे निम्मे काम झालेले असते.

समजा, वहीत अशा नोंदी आल्या. सोमवारी सकाळी ११.१० ला बिल छापताना. मंगळवारी दुपारी ४.३० ला, पुन्हा छापताना. बुधवारी एकदाही नाही; त्या दिवशी प्रिंटरची कार्ट्रिज संपल्याने बिले हाताने लिहिली होती. गुरुवारी कार्ट्रिज बसवली आणि पहिल्याच बिलाला संगणक गेला. वही वाचणाऱ्याला संगणक उघडण्याची गरजच राहत नाही. प्रिंटर कोठे जोडला आहे एवढेच पाहायचे. लेझर प्रिंटर कागदावर शाई पक्की करण्यासाठी आतील रूळ तापवतो, आणि तापवताना काही क्षण कित्येकशे वॅट ओढतो. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटचाच भार पेलतो. त्याच यूपीएसवर संगणक, मॉनिटर आणि लेझर प्रिंटर असतील तर यूपीएस हात टेकतो. प्रिंटरचा प्लग यूपीएसवरून काढून सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावला की काम झाले, खर्च शून्य.

दुसऱ्या एखाद्या दुकानाची वही निराळी बोलेल. तेथे सगळ्या नोंदी संध्याकाळी सहा ते नऊच्या असतील, किंवा शेजारची गिरणी सुरू होताना, किंवा डीप फ्रीझरचा कॉम्प्रेसर गुरगुरताना. हा विजेचा दाब उतरण्याचा प्रकार आहे. येथे थोडे थांबून विजेविषयी सविस्तर बोलले पाहिजे, कारण आपल्या दोन तालुक्यांत या दुखण्याचे मूळ शोधताना पहिली नजर इकडेच गेली पाहिजे.

ज्या पावसाने तानसा आणि भातसा जलाशय भरतात आणि मुंबईची तहान भागते, त्याच पावसात आपल्याकडच्या वीजवाहिन्या रानातून, झाडांखालून, डोंगरउतारावरून येतात. फांदी तारेला घासली, जोड ढिला झाला, वीज कडाडली की दिवा क्षणभर मिचकतो. गृहस्थ म्हणतो, “पंखा फिरत होता, टीव्हीही चालू होता, मग लाइट गेली कशी म्हणता?” त्याचे उत्तर असे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. संगणकाच्या कॅबिनेटमधला एसएमपीएस ही वीज साठवून, गाळून आतल्या भागांना देतो. वीज तुटली तर तो पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरेल अशी त्याची रचना असते; एका आवर्तनापेक्षाही कमी. पंख्याला स्वतःचा वेग असतो, तो फिरत राहतो. टीव्हीवर भार हलका असतो, तो निभावतो. संगणकाला मात्र तेवढी उसंत पुरत नाही. एसएमपीएस पाच-सात वर्षे जुना असेल तर त्याची साठवण आणखी आटलेली असते, आणि पूर्वी ज्या धक्क्याला तो दाद देत नव्हता त्याला आता बळी पडतो. ‘इतकी वर्षे काही होत नव्हते, आताच का?’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा यात असते.

“पण आमच्याकडे यूपीएस आहे,” असे येथे कोणी म्हणेल. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी कधीची? आतली लहान बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात त्याहून लवकर. थकलेल्या बॅटरीचा यूपीएस हा यूपीएस नसण्यापेक्षा वाईट, कारण दाब जरा उतरला की तो बॅटरीवर जाऊ पाहतो आणि तेथेच कोसळतो. तपासणी सोपी आहे. सर्व काम जतन करून, हिशेबाचा प्रोग्रॅम बंद करून, यूपीएसचा भिंतीतला प्लग काढावा. संगणक पाच मिनिटे चालू राहिला तर ठीक. प्लग काढताच रिस्टार्ट झाला, तर चोर सापडला. बॅटरी बदलावी किंवा शेजारच्या पेढीवरून एका दिवसासाठी यूपीएस मागून आणून खात्री करावी. ज्यांनी संगणक घरच्या मोठ्या इन्व्हर्टरवर घेतला आहे त्यांनी इन्व्हर्टरच्या मागचे बटण पाहावे. पुष्कळ इन्व्हर्टरना ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ अशा दोन अवस्था असतात. ‘नॉर्मल’मध्ये बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो, दिव्या-पंख्याला तो चालतो, संगणकाला नाही.

त्यानंतर भिंतीकडे वळावे. ढिला झालेला सॉकेट, एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचलेले चार प्लग, प्लगला हात लागताच होणारी चुरचुर या गोष्टी मालकालाही दिसतात. अर्थिंग आणि न्यूट्रल मात्र परवानाधारक वायरमनकडूनच तपासून घ्यावेत. न्यूट्रलचा जोड ढिला असेल, तर दुकानातला एक दिवा एकाएकी भगभगीत होतो आणि दुसरा मंदावतो. २३० व्होल्टच्या जागी त्याहून कितीतरी अधिक दाब येऊ शकतो. असे दिसले तर संगणकाचा विचार सोडून मेन स्विच बंद करावा आणि महावितरणला १९१२ वर कळवावे. त्यात संगणकच काय, फ्रीज आणि माणूसही धोक्यात असतो.

वीज निर्दोष निघाली, तर संगणकाने स्वतः ठेवलेला रोजमेळ उघडावा. विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची सोय आहे; स्टार्टच्या शोधपट्टीत हे नाव टंकले की मिळते. त्यातील ‘सिस्टिम’ या भागात वहीतल्या वेळा शोधाव्यात. तेथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली की अनेकजण घाबरतात. तिचा अर्थ एवढाच, की संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. ते निदान नव्हे; मृत्यूच्या दाखल्यावर ‘श्वास थांबला’ लिहिण्यासारखे आहे. मात्र तिच्या तपशिलात ‘बगचेककोड’ शून्य असेल तर वीज अचानक तुटल्याचा किंवा यंत्र जागीच गोठल्याचा संशय बळावतो. शून्य नसेल तर विंडोजलाच आत काही चूक आढळली होती. उलट ‘१०७४’ ही नोंद असेल तर रिस्टार्ट कोणीतरी सांगून झाला. बहुधा विंडोज अपडेटने. त्यावर अपडेटच्या सेटिंगमध्ये कामाचे तास ठरवून देणे एवढाच उपाय, बिघाड काहीच नाही.

निळा पडदा चमकून जात असेल तर तो थांबवून वाचता येतो. ‘सिस्टिम प्रॉपर्टीज’मधील ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ येथे ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ अशी खूण असते. ती काढली की पुढच्या वेळी संगणक त्या पडद्यावर थांबतो. मोबाइलने त्याचा फोटो घ्यावा आणि तंत्रज्ञाला दाखवावा. एवढ्याने बोलणे ‘कधी कधी बंद होतो’ यावरून नेमक्या मुद्द्यावर येते.

आता कॅबिनेट उघडण्याचा प्रश्न. आपल्या घरांत येथे आणखी एक विचार असतो आणि तो योग्यच आहे. पावसाळ्यात संगणकाची पेटी ही दुकानातली सर्वांत उबदार, कोरडी जागा. मुंग्या, झुरळे, कोळी, कधी पालही तेथे आश्रय घेते. एसएमपीएसमध्ये शिरलेला जीव स्वतः मरतो आणि शॉर्ट सर्किटही करतो. आत कीटकनाशक मारणे हा उपाय अहिंसेच्या दृष्टीने तर नकोच, पण यंत्राच्या दृष्टीनेही घातक: फवाऱ्याचा ओलसर थर बोर्डावर बसतो आणि त्यातील वायू पेटू शकतो. त्यापेक्षा प्लग काढावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज उतरवावी, दिवसाउजेडी बाजूचे पान उघडावे आणि थोडा वेळ तसेच राहू द्यावे, म्हणजे आतले जीव निघून जातील. मग पुंजणीसारख्या मऊ कुंचल्याने, जयणेने, आधी पाहून मग झाडावे. मागच्या बाजूच्या रिकाम्या पट्ट्यांच्या फटी पत्र्याच्या पट्टीने बंद कराव्यात. गल्ल्यावर फरसाणाची वाटी न ठेवणे हा याहून मोठा उपाय, पण तो सांगणे सोपे आणि पाळणे अवघड.

धूळ हा किराणा आणि कापड दुकानांचा खास शत्रू. पीठ, तिखट, भाताचा कोंडा, कापडाचे तंतू हे सारे पंख्यातून आत ओढले जाते आणि पावसाळी दमटपणात प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांवर नमद्यासारखा थर धरते. हवा खेळेनाशी झाली की प्रोसेसर तापतो. आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून यंत्र बंद पाडतो. वहीतल्या नोंदी चैत्र-वैशाखातल्या दुपारच्या असतील आणि सकाळी यंत्र शहाण्यासारखे वागत असेल, तर हेच कारण धरून चालावे. ब्लोअरने साफ करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. हवेच्या झोताने तो वेड्यासारखा फिरला तर बिघडतो. पंखा बसवण्याच्या चार खुंट्यांपैकी एखादी निसटली नाही ना, तेही पाहावे. चार-पाच वर्षांत थर्मल पेस्ट सुकते, ती तंत्रज्ञाकडून नवी लावून घ्यावी.

रॅमचे संपर्क दमट हवेत काळवंडतात. पर्युषणात किंवा लांबच्या यात्रेत आठ-दहा दिवस बंद राहिलेला संगणक परतल्यावर विचित्र वागू लागला, तर रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड साध्या पांढऱ्या खोडरबराने हलके पुसावी आणि घट्ट बसवावी. विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी रात्रभर लावून ठेवता येते. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून दोन-दोन दिवस चालवावे.

एक स्वस्त चोर बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कॅबिनेटच्या पुढचे रिसेटचे बटण आत रुतून बसते किंवा त्याची वायर घासली जाते, आणि कोणी न दाबता संगणक रिस्टार्ट होतो. मदरबोर्डवरून त्या बटणाची बारीक जोडणी काढून ठेवली तरी दैनंदिन कामात काही अडत नाही. तसेच पेनड्राइव्ह लावताच संगणक जात असेल, तर पुढच्या यूएसबीच्या खाचेतली वाकलेली पिन पाहावी. उलट, मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल मात्र उगाच बदनाम आहे. तो संपला की तारीख चुकते, बिलावर भलतेच वर्ष छापले जाते; पण चालता संगणक त्यामुळे रिस्टार्ट होत नाही.

राहिले एसएमपीएस आणि मदरबोर्ड. एसएमपीएस उघडून पाहण्याचा मोह कोणीही धरू नये. आत सुमारे ३२५ व्होल्टचा साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. त्याची परीक्षा एकच: दुसरा, खात्रीचा एसएमपीएस जोडून चार दिवस चालवणे. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट आलेल्या एसएमपीएसवर लिहिलेल्या वॅटच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नये. मदरबोर्डवर मात्र डोळ्यांनी पाहता येईल अशी एक खूण असते. त्यावर लहान नळकांड्यांसारखे कपॅसिटर असतात. त्यांचा माथा सपाट हवा. फुगलेला किंवा तपकिरी ओघळ आलेला असेल तर बोर्ड गेल्यात जमा. २००० नंतरच्या काही वर्षांत निकृष्ट द्रावण भरलेले असे कपॅसिटर जगभरच्या नामांकित संगणकांत शिरले होते, आणि ते भराभर फुगले होते. जुना, वापरलेला संगणक घेताना पान उघडून हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बोर्डच गेला असेल तर हिशेब निराळा होतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या यंत्रावर विंडोज ११ चालत नाही, त्यात नवा जुन्या पिढीचा बोर्ड घालण्यात अर्थ नाही. तो पैसा नव्या संगणकात, आणि त्याआधी चांगल्या यूपीएसमध्ये घालावा. जुना संगणक भंगारात किंवा बदल्यात देताना त्यातली हार्ड डिस्क मात्र आपल्या हाताने काढून घ्यावी. तिच्यात गिऱ्हाइकांची नावे, उधारी, बँकेचे तपशील आणि कायद्याने जपायची ती पुस्तके असतात. कापडी पिशवीत घालून, वर वर्ष लिहून, ती जुन्या रोजमेळांच्या कपाटात ठेवून द्यावी.